काउंटर ते कपाट, आठ पावलं

आमच्या मेडिकलच्या काउंटरपासून मागच्या कपाटापर्यंत आठ पावलं आहेत. मी मोजलीत. कारण एके काळी या आठ पावलांत माझ्या डोक्यातून औषधांची नावं गळून पडायची. गिऱ्हाईक चिठ्ठी दाखवायचं, मी वाचायचो, वळायचो आणि कपाटासमोर उभा राहीपर्यंत तीनातलं एकच नाव उरलेलं असायचं. परत काउंटर, परत चिठ्ठी, परत आठ पावलं. गिऱ्हाइकाला वाटायचं, माल सापडत नाही.

मला स्किझोफ्रेनिया आहे. डी.फार्म. करून दोन वर्षं झाली होती, तेव्हा २४व्या वर्षी सुरू झाला. आता मी ३७चा आहे. दुकान मिरजेत, दादाच्या नावावर. आजाराचं नाव ऐकलं की लोकांचा पहिला प्रश्न ठरलेला, ‘आवाज येतात का?’ येतात. एक पुरुषी आवाज आहे, कपाटाच्या मागून येतो आणि बहुतेक वेळा एकच शब्द बोलतो, ‘चुकलास.’ गोळ्यांमुळे तो बराच लांब गेलाय, आता शेजारच्या घरात टीव्ही चालू असावा इतपत. त्याची सवय होते. विसरण्याची होत नाही, आणि त्याबद्दल कुणी विचारतही नाही. डॉक्टर विचारायचे ते झोप, भूक, आवाज, संशय. मी म्हणायचो, लक्षात राहत नाही. ते म्हणायचे, येईल हळूहळू. आणि नवीन महिन्याच्या गोळ्या लिहायचे.

माझं काउंटर सुटलं तेही आवाजामुळे नाही. चिठ्ठीवर रक्तदाबाचं एम्लोडिपिन २.५ होतं, मी ५ची पट्टी आणली. दादाने बिल करताना पकडलं. गिऱ्हाईक समोरच होतं, काही बिघडलं नाही. पण दुसऱ्या दिवसापासून मी मागच्या खोलीत. एक्स्पायरीचा माल वेगळा काढायचा, बिलं लावायची, एच-वनचं, म्हणजे नोंद ठेवूनच विकायच्या औषधांचं, रजिस्टर भरायचं. ‘तू आत बस की, आत काय कमी काम आहे का,’ एवढंच दादा म्हणाला. रागावला असता तर भांडता तरी आलं असतं.

पुण्याची आत्या सिंहगड रोडला राहते. पुण्यात डॉ. जगन्नाथ वाणींनी सुरू केलेली ‘सा’ म्हणून संस्था आहे, स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन. त्यांच्या स्वमदत गटात आत्या माझ्यासाठी म्हणून जाऊ लागली आणि तिथली झाली. तिथेच तिला एका आईकडून कळलं, की शहरातल्या एका रुग्णालयात डोक्याला अगदी सौम्य वीज देऊन, त्याच वेळी स्मरणशक्तीचे व्यायाम करून घेतात. अभ्यासाचा भाग आहे, पैसे नाहीत, येण्याजाण्याचं भाडं देतात. आत्याने रात्री साडेदहाला फोन केला.

‘शॉकच की रे तो,’ दादा म्हणाला.

मलाही तेच वाटलं होतं. म्हणून पहिल्या भेटीत मी तेवढंच विचारलं. तिथल्या डॉक्टरांनी कागदावर दोन आकडे लिहिले. शॉक ट्रीटमेंटमध्ये सुमारे ८०० मिलिअँपिअर, काही सेकंद, आणि त्यात मुद्दाम फीट आणतात. तीही भूल आणि स्नायू सैल करायचं औषध दिल्याशिवाय देणं २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने बंद केलंय. यात फक्त २ मिलिअँपिअर, वीस मिनिटं, माणूस पूर्ण जागा, फीट नाही, भूल नाही. ही वीज पेशींना पेटवत नाही, म्हणाले, पेटण्याच्या थोडं जवळ आणून ठेवते. म्हणूनच नुसतं बसून उपयोग नाही, त्याच वेळी त्या पेशींना काम द्यायचं. कपाळाच्या डाव्या बाजूला, आत, मेंदूचा जो भाग आहे तो गोष्टी थोडा वेळ धरून ठेवायचं काम करतो. फोन नंबर ऐकून लिहीपर्यंत धरायचा, तसा.

‘काउंटरपासून कपाटापर्यंत,’ मी म्हणालो.

त्यांना कळलं नाही, मग मी सगळं सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवून ऐकलं. आजाराला इतकी वर्षं झाली, पण विसरण्याबद्दल कुणी पेन खाली ठेवून ऐकतंय असं पहिल्यांदाच घडत होतं. मग त्यांनी सांगितलं, की ‘स्किझोफ्रेनिया’ हा शब्द ब्लॉयलर नावाच्या स्विस डॉक्टरने १९०८ साली काढला. त्याआधी क्रेपेलिन या जर्मन डॉक्टरने याच आजाराला ‘डिमेन्शिया प्रिकॉक्स’ म्हटलं होतं, म्हणजे अकाली आलेला बुद्धिभ्रंश. नाव भयंकर आहे आणि चूकही आहे, कारण हा काही म्हातारपणच्या बुद्धिभ्रंशासारखा दिवसेंदिवस सगळं पुसत जात नाही. पण मला मनातून बरं वाटलं. निदान क्रेपेलिनच्या डोळ्याला माझी तक्रार दिसली होती.

संमतिपत्र मराठीत होतं. ‘विद्युत् उत्तेजन’, ‘यादृच्छिक पद्धतीने’ असे शब्द. वाचून आत्या म्हणाली, ‘हे मराठी कुणाच्या घरात बोलतात रे?’ पण महत्त्वाचं वाक्य सोपं होतं. निम्म्या लोकांना खरा प्रवाह मिळेल, निम्म्यांना खोटा. कुणाला काय ते रुग्णाला माहीत नसेल आणि यंत्र लावणाऱ्यालाही नसेल. अभ्यास क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीत नोंदवलेला होता, नंबर पहिल्याच पानावर. कधीही सोडून जायची मुभा. फीट येणारे, कवटीत धातू असलेले, डोक्यावर जखम असलेले चालणार नाहीत. आणि अभ्यास संपेपर्यंत गोळ्यांत काहीही बदल करायचा नाही.

दादाला फोनवर खोट्या प्रवाहाचं सांगितलं तर तो म्हणाला, ‘म्हणजे पुण्याला जाऊन नुसतं डोक्याला पट्टा बांधून बसायचं? ते मी इथं बांधतो की.’

गोळ्यांची पट्टी बघताना डॉक्टर जरा थांबले होते. रिस्पेरिडोन आणि ट्रायहेक्सिफेनिडिल, दोन्ही एकाच गोळीत. आपल्याकडे ही जोडगोळी सर्रास चालते, मी स्वतः रोज विकतो. पहिल्या औषधाने हातपाय थरथरतात, आखडतात. ते होऊ नये म्हणून दुसरं. ते म्हणाले, ‘हे दुसरं आहे ना, ते स्मरणशक्तीवर भार टाकतं. अभ्यास झाल्यावर बोलू.’ मी डी.फार्म. आहे. ट्रायहेक्सिफेनिडिलसारख्या अँटिकोलिनर्जिक औषधांचे परिणाम मी परीक्षेत लिहिलेत. तोंड कोरडं पडणं, बद्धकोष्ठ, धूसर दिसणं, विस्मरण. तेरा वर्षं तीच गोळी घेत होतो आणि कधी दोन आणि दोन चार केले नाहीत.

कोयना एक्सप्रेसने पुण्याला आलो, दुपार टळताना पोहोचलो. दहा सत्रं, सोमवार ते शुक्रवार, दोन आठवडे. आदल्या रात्री आत्याने डोक्यावर खोबरेल थापलं. ‘मेंदूचं काम आहे, डोकं कोरडं ठेवून कसं चालेल?’ सकाळी शांपू केला, पण आत्याचं तेल एका शांपूला दाद देणारं नव्हतं.

खोली साधी होती. टेबल, लॅपटॉप, भिंतीवर कॅलेंडर. यंत्र जेवणाच्या डब्याएवढं. मॅडम मानसशास्त्र शिकलेल्या, माझ्याहून दहा वर्षांनी लहान, पण मी पहिल्या दिवसापासून मॅडमच म्हणालो. त्यांनी शिंप्याची टेप काढली. नाकाच्या मुळापासून डोक्याच्या मागच्या उंचवट्यापर्यंत एक माप, एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत दुसरं. मग टक्क्यांचा हिशेब करून डावीकडे केसांत भुवयांच्या पेन्सिलने खूण केली. रबराच्या दोन पट्ट्या स्पंजच्या पिशव्यांत घातल्या आणि स्पंज सलाइनने भिजवले. बाटली बघून मला हसू आलं. तीच नॉर्मल सलाइन, आमच्या दुकानात खालच्या फळीवर खोक्यांत असते. एक स्पंज डाव्या खुणेवर, एक उजव्या भुवईच्या वर, वरून रबरी पट्टे.

यंत्राने टीं टीं केलं. त्वचेचा अडथळा जास्त दाखवत होतं.

‘तेल लावलंय का?’

‘आत्याने,’ मी म्हणालो.

स्पिरिटच्या बोळ्याने पुसलं, केस बाजूला सारले, आणखी सलाइन सोडलं. ते कानामागून कॉलरमध्ये उतरलं. तिसऱ्या वेळी यंत्र गप्प झालं. मग स्पंजाखाली आधी खाज, मग लाल मुंग्या चालल्यासारखं, आणि अर्ध्या मिनिटाने सगळं शांत. ‘आता हे खरं का खोटं?’ मी विचारलं. ‘मलाही माहीत नाही,’ मॅडम म्हणाल्या. त्यांनी यंत्रात नुसता एक कोड आकडा टाकला होता. खोट्या प्रवाहातही सुरुवातीला थोडा वेळ वीज देतात आणि मग गुपचूप बंद करतात, म्हणजे खाज दोघांनाही सुटते. मला ही लबाडी आवडली. आमच्या धंद्यात इतकी प्रामाणिक लबाडी बघायला मिळत नाही.

मग व्यायाम. पडद्यावर एकेक अक्षर येतं, दोन सेकंदांनी जातं, दुसरं येतं. आत्ताचं अक्षर दोन घरं मागच्या अक्षरासारखं असेल तर बटण दाबायचं. क, ल, क, इथे दाबायचं. म. क. पुन्हा दाबायचं, कारण म सोडला तर मागे क होता. वाचताना सोपं वाटतं. प्रत्यक्षात डोक्यात सतत तीन अक्षरांची रांग लावायची, नवीन आलं की सर्वांत जुनं बाहेर ढकलायचं आणि रांग मोडू द्यायची नाही. पहिल्या दिवशी मी पाचव्या-सहाव्या अक्षराला रांग सोडून द्यायचो आणि अंदाजाने बटण दाबायचो.

त्यात तो आवाज होताच. त्याला हा खेळ फार आवडला. पडद्यावर ‘म’ असायचा आणि तो मागून म्हणायचा ‘क’. त्याचा क आणि पडद्यावरचा म यांची गाठ बसली की संपलंच. मी मॅडमना सांगितलं. बाकी कुणी असतं तर आवाजाकडे दुर्लक्ष करा म्हणालं असतं. त्यांनी विचारलं, ‘त्याची अक्षरं बरोबर असतात का कधी?’ मी लक्ष ठेवलं. नसायची. तो खेळतच नव्हता, नुसता बडबडत होता. हे कळल्यावर का कुणास ठाऊक, त्रास निम्मा झाला. मी अक्षर ओठांतल्या ओठांत म्हणायला लागलो. माझे ओठ हलत असले की त्याला जागा कमी मिळायची.

याच विजेने आवाज कमी करण्याचे प्रयोगही झालेत. फ्रान्समध्ये २०१२ साली ३० रुग्णांवर केला होता, दिवसातून दोनदा, पाच दिवस, आणि त्यांचे आवाज बरेच कमी झाले होते, पण नंतरच्या सगळ्या अभ्यासांत तितकं यश आलं नाही, असं डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं. तेव्हा माझ्या या पाहुण्याबद्दल मी काही आशा धरली नाही.

वीस मिनिटं झाली की पट्टे सोडायचे. कपाळावर चौकोनी लाल डाग राहायचा, तासाभरात जायचा. आत्याने पहिल्या दिवशी त्यावर हळद लावली. पुढच्या दिवशी मॅडमना पिवळं कपाळ पुसावं लागलं.

त्यानंतर अर्धा तास कागद-पेन्सिल. आकडे ऐकून उलटे सांगायचे. चार, नऊ, दोन ऐकलं की दोन, नऊ, चार. मी तिनावर अडायचो. मग शब्दांची यादी. मॅडमनी युक्त्या शिकवल्या. गट पाडायचे, चित्र करायचं, पहिल्या अक्षरांचा शब्द करायचा. मी म्हणालो, औषधांवर करू. पॅरासिटामॉल, सेट्रिझिन, ओआरएस. ‘पॅसेओ’. मॅडम म्हणाल्या, हे कुठल्या तरी गाडीचं नाव वाटतं. ‘पॅसेओ’ मला आजही विसरता येत नाही, आणि त्याचा आता काही उपयोग नाही.

मधले दिवस एकसारखे गेले. सहाव्या की सातव्या सत्रात अक्षरांची रांग पहिल्यांदा शेवटपर्यंत टिकली. रांग टिकतेय हे जाणवलं आणि त्या आनंदातच मोडली.

शेवटच्या दिवशी मॅडमनी विचारलं, ‘एक विचारू? चिठ्ठी हातात घेऊनच कपाटापाशी का जात नाही?’

मी बघत राहिलो. दहा दिवस डोक्याला वीज लावून घेत होतो आणि हा प्रश्न कुणाला पडला नव्हता. मला तर नाहीच. मग मी सांगितलं, की चिठ्ठी दादाकडे कॉम्प्युटरपाशी राहते, बिलासाठी. आणि आता निम्मी गिऱ्हाइकं व्हॉट्सअ‍ॅपवरचा फोटो दाखवतात. मोबाइल कुणी हातातून सोडत नाही.

‘मग छोटी वही?’

‘गिऱ्हाइकासमोर लिहायचं? औषधवाला लिहून घेतो म्हटल्यावर काय म्हणतील?’

‘हॉटेलात वेटर लिहून घेतो तेव्हा तुम्ही काय म्हणता?’

काही म्हणत नाही. मॅडम म्हणाल्या, या कामात दोन प्रकारचे लोक आहेत. काही म्हणतात, हरवलेली क्षमता परत आणा. काही म्हणतात, नाही ती नाही, तिला वळसा घालून जा. यंत्र आणि अक्षरांचा खेळ पहिल्या प्रकारातला, वही दुसऱ्या. मला तेव्हा वही ही हार वाटली. मी वही न घेता मिरजेला आलो.

शेवटच्या चाचणीत आकडे उलटे पाचापर्यंत गेले. घरी सगळे खूश. वहिनीने शिरा केला. दुकानात दादाने एका संध्याकाळी मला काउंटरवर घेतलं. तीन औषधं होती. दोन आणली.

सात महिन्यांनी रुग्णालयातून फोन आला. अभ्यास संपला, कोड उघडले. मी खोट्या गटात होतो.

दादा पाच मिनिटं हसला. मग चिडला, माझ्यापेक्षा जास्त. मला वाईट वाटलं, पण थोड्या वेळाने एक गोष्ट लक्षात आली. आकडे तिनावरून पाचावर गेले ते विजेशिवाय. निव्वळ घासून. काही तर चाचणीचीच सवय झाली असणार, मॅडमनीही तेच सांगितलं. पण थोडं का होईना, डोकं वळायला तयार होतं.

खोट्या गटातल्यांना खरी सत्रं घ्यायची असतील तर या, असं त्यांनी सांगितलं होतं. मी गेलो. थंडीचे दिवस होते आणि सलाइन गार. या वेळी आत्याला तेलाला हात लावू दिला नाही. खाज तशीच, मुंग्या तशाच, डाग तसाच. डोळे मिटले असते तर कोणता फेरा खरा आणि कोणता खोटा ते सांगता आलं नसतं. अक्षरांचा खेळ तीन घरं मागच्या पायरीवर गेला, तो मला पहिल्या फेऱ्यात कधी जमला नव्हता. विजेने जमला की विसाव्या सत्राने, मला सांगता येणार नाही. तो आवाज होता तिथेच होता.

त्याच सुमाराला मिरजेच्या माझ्या डॉक्टरांकडे ती जोडगोळी तोडायची चिठ्ठी घेऊन गेलो. त्यांनी रिस्पेरिडोन वेगळं लिहिलं आणि ट्रायहेक्सिफेनिडिल तीन महिन्यांत थोडं थोडं कमी करत आणलं. मधे उजव्या हाताला कंप आला, तेव्हा एक पायरी मागे गेलो, मग पुन्हा खाली. आता ते बंद आहे. हे सांगतोय म्हणून कुणी आपल्या गोळीचे दोन तुकडे करू नयेत. माझ्या दुकानात येऊन कुणी असं करतो म्हणाला तर मी त्याला आधी डॉक्टरांकडे पाठवेन. पण इतकं सांगतो, की तोंडाचा कोरडेपणा गेला तेव्हा डोक्यातलाही काही कोरडेपणा गेल्यासारखं वाटलं. सकाळी काय खाल्लं ते दुपारी आठवतं. वहिनीने दिलेल्या चार निरोपांतले तीन पोहोचतात.

आणि वही घेतली. शेजारच्या स्टेशनरीतून, वरून उलटायची, पाच रुपयांची. शर्टाच्या खिशात मावते. नावं पूर्ण लिहीत नाही, पहिलं अक्षर आणि पॉवर.

परवा दादा जेवायला वर गेला होता. एक आजोबा आले, नातवाच्या मोबाइलवर फोटो. मी लिहिलं, ए २.५, मे ५००, रो १०, पँ ४०. आजोबा म्हणाले, ‘लिहून घेताय होय? बरं करता.’ मी वळलो. आठ पावलं. ए, मे, रो वही न बघता काढले. चौथ्याला हात थांबला, वही बघितली, पँ. तेवढ्यात कपाटामागून आलंच, ‘चुकलास.’ एम्लोडिपिनची पट्टी पुन्हा उलटून पॉवर वाचली आणि काउंटरवर ठेवली.

दादा जिना उतरून आला. बिल करायला बसला, आणि पहिली तीच पट्टी उचलून मागून वाचली. तो अजून वाचतो.

२.५च होती.